पायाखालचं तेल

“आन् न्हाई बदललं तर काय हुतंय?” वैजंतानं विचारलं.

दस्तगीरचाचा दर्ग्याच्या कट्ट्यावर बसले होते. समोर अंगणात जीप उभी होती, बॉनेट उघडं. वैशाखाचं ऊन पठारावर नुसतं ओतत होतं.



“बघा तरी, चाचा. ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलं हाय. कुठं थेंब गळत न्हाई. पॅडल दाबून बघा, दगडागत लागतंय. चांगलं तेल काढून वतून द्यायचं कशापायी?”

“भरलंस?”

“वाईच कमी होतं. वरनं घातलं.”

“मी काय सांगितलं होतं?”

“बदल म्हणाला होता.”

“हं...” म्हणून चाचांनी डोळे मिटले.

वैजंताच्या कपाळावर आठी चढली. या ‘हं’चा तिला मनस्वी राग यायचा.

पठारावर दस्तगीरचाचांना सगळ्या वाड्या मान देत. पिराची दिवाबत्ती ते करत, आणि वाड्यांनी मिळून घेतलेली ही एकुलती एक जीपही तेच चालवत. अडलेली बाई असो, ताप डोक्यात गेलेलं पोर असो, त्याला घाट उतरवून खालच्या दवाखान्यात पोचवायचं ते चाचांनी. उभ्या हयातीत त्यांची गाडी कशाला टेकली नव्हती. पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. संध्याकाळच्या वेळी वळणावरचा दगड कुठला आणि म्हैस कुठली, हे त्यांना दोनदा बघावं लागे. जीप कुणाच्या तरी हाती द्यायची वेळ आली होती.

वैजंताला ती हवी होती. हौस म्हणून नव्हे.

तिच्या थोरल्या जावेला कळा सुटल्या तेव्हा जीप दुसऱ्या पेशंटला घेऊन खाली गेली होती. माणसांनी जावेला घोंगडीच्या झोळीत घातलं आणि पायवाटेनं घाट उतरायला घेतला. अर्ध्या वाटेवर त्यांनी झोळी खाली ठेवली. पुन्हा उचलताना मग कुणालाच घाई राहिली नव्हती.

त्या दिवशी वैजंतानं मनाशी गाठ मारली. शहरात भावाकडे राहून ती गाडी शिकली. मंडईत भाजीचा टेम्पो चालवला, आणि तो असल्या गर्दीतून असा काढायची की हमाल डोक्यावरचं ओझं विसरून बघत राहायचे. मग ती पठारावर परतली आणि चाचांपुढे उभी राहिली.

‘शिकवा’ असं ती म्हणाली नव्हती. ‘चावी द्या’ म्हणाली होती.

चाचांनी तिच्या हातात फडकं दिलं होतं.

तेव्हापासून ती जीप पुसत होती, चाकांत हवा भरत होती, बॅटरीत पाणी घालत होती. स्टेअरिंगला मात्र अजून हात लागला नव्हता.

“चाचा, झोपलाव काय?”

“तेल जुनं होतंय, पोरी.”

“तेल काय भाकरी हाय, शिळं व्हायला? झाकण गच्च हाय.”

“हवेतलं पाणी झाकणाला विचारून आत जात न्हाई.”

“पाणी गेलेलं दिसत न्हाई मला.”

“न्हाईच दिसत.”

“पॅडलला बी कळत न्हाई.”

“न्हाईच कळत.”

“मग कळतंय कुणाला?”

चाचांनी डोळे उघडले. “घाटाला.”

वैजंता हसली. त्या हसण्यात आदर कमी होता. “मग चला की. घाटालाच विचारू. तुमी निस्तं शेजारी बसा.”

तिला वाटलं होतं, नेहमीप्रमाणे चाचा ‘हं’ म्हणतील. पण ते उठले. कमरेची चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“गाडी डोंगराच्या अंगानं ठेवायची,” ते म्हणाले. “दरीच्या अंगाला न्हाई. येवढं ऐकशील?”

“ऐकीन.”

* * *

घाट सुरू झाला आणि वैजंताला पंख फुटले.

जीप हलकी होती. मागे कुणी नव्हतं. उतारावर गाडी आपसूक धावत होती, वळण आलं की ती ब्रेक दाबत होती, गाडी नमतं घेत होती. पुन्हा सोडायची, पुन्हा दाबायची. टेम्पोपेक्षा सोपं.

चाचा शेजारी बसले होते. त्यांचा डावा हात मांडीवर आणि उजवा हात हँडब्रेकवर होता.

वैजंताला ते लागलं. “भरवसा न्हाई व्हय माझ्यावर?”

“तुझ्यावर हाय की.”

“मग हात?”

“गियर खाली घे,” चाचा म्हणाले.

“कशाला? ब्रेक हाय की.”

चाचांनी बोटं हँडब्रेकभोवती आवळली.

खाली दरीत वाळून कोळ झालेलं रान. रस्त्यावरून उन्हाच्या झळा उठत होत्या. चाकांकडून जळका वास येऊ लागला. तो तिला आलाही, पण तिनं मनावर घेतला नाही. एक वळण गेलं. त्याला लागून दुसरं. त्याच्या पुढच्या वळणावर तिनं पाय दाबला...

पाय खाली गेला.

जिथं मघापर्यंत दगड लागत होता तिथं काहीच नव्हतं. चिखलात पाय रुतावा तसं पॅडल तळाला टेकलं आणि गाडी पळतच राहिली. तिनं पाय उचलून पुन्हा मारला. पुन्हा तेच.

“चाचा!”

“गियर,” चाचा म्हणाले. मीठ मागावं तसे.

तिनं गियर खाली ओढला. इंजिन किंचाळलं. गाडीनं मान हलवली, पण थांबली नाही. चाचांचा हात हँडब्रेक हळूहळू वर घेत होता, एकदम नाही, दातादातानं. “डोंगराकडं,” ते म्हणाले. वैजंतानं चाक वळवलं. पुढचं टायर गटारात उतरलं, मडगार्ड मुरमाला घासत गेलं, खडे उडाले, आणि धूळ खाली बसायच्या आत जीप थांबली.



वैजंतानं स्टेअरिंगवरून हात काढले. तिनं ते मांड्यांखाली दाबून धरले.

“तेल... का माझा पाय?”

“दोन्ही.”

“म्हंजे?”

“तू पायानं तापवलंस. तापल्यावर तेलातल्या पाण्याची वाफ झाली. वाफ दाबून गाडी थांबत न्हाई.”

एवढं मोठं वाक्य चाचा क्वचित बोलत. मग ते खाली उतरले, सावलीतल्या दगडावर बसले आणि त्यांनी तपकिरीची डबी काढली.

वैजंता तशीच बसून राहिली. चाकांवरचा धूर विरला, कुठं तरी भारद्वाज घुमला. बऱ्याच वेळानं, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं तिनं पॅडल दाबलं.

घट्ट. दगडागत.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा. मग तिला हसू फुटलं, रडू यावं तसं.

“चाचा! आला! ब्रेक आला परत! काय बी झाल्यालं न्हाई. बसा, चला.”

चाचांनी डबी खिशात टाकली, धोतर झटकलं आणि ते घाट चढू लागले.

“कुठं निघाला?”

“घरला.”

“चालत? अवं, ब्रेक लागतोय म्हंते न्हवं!”

चाचा न वळताच म्हणाले, “गार झाल्यावर समदेच चांगले असत्यात, पोरी.”

वैजंताचं हसू ओठावरच राहिलं.

इतक्यात तिचा फोन वाजला. त्या वळणावर तेवढी रेंज येत असे. पलीकडे धनगरवाड्यावरचा बिरू होता आणि त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याची बायको हौसा सकाळपासून अडली होती. तपासायला आलेल्या आशाताई म्हणत होत्या, आता थांबू नका, खाली न्या. चाचा कुठं आहेत? गाडी कुठं आहे?

“आले,” वैजंता म्हणाली. “दर्ग्याच्या अंगणात आणा तिला.”

तिनं पुढं-मागं करत जीप वळवली आणि पहिल्या गियरवर वर घेतली. चाचांच्या बरोबरीला आल्यावर दार उघडलं.

“बसा. हौसा अडलीया. वर जायला ब्रेक लागत न्हाई.”

चाचा बसले. थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, “आन् खाली यायला?”

वैजंतानं समोरचा रस्ता बघितला.

* * *

बाज घेऊन माणसं अंगणात आली होती. हौसा कुशीवर वळून बाजेची दोरी मुठीत धरून पडली होती. डोक्याशी सासू ताईबाई पदरानं वारा घालत होती. बिरू जीपकडे धावला.

“चला, चला! मागची शीट काढतो.”

वैजंता खाली उतरली. एकवार चाचांकडे बघितलं. चाचा कट्ट्यावर जाऊन बसले होते आणि कबुतरांकडे बघत होते. ते काही सांगणार नव्हते. हे तिला एका क्षणात कळलं.

ती बॉनेटकडे वळली.

“बिरू, वाईच थांब. तेल बदलायचं हाय.”

“काय?”

“ब्रेकचं तेल.”

बिरूला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. तो ड्रायव्हरच्या दारातून आत वाकला आणि हातानंच पॅडल दाबून बघू लागला. “लागतोय की! बघ की, लागतोय! कशाचं तेल काढलंस?”

“गाडी उभी हाय म्हणून लागतोय.”

“माझी बायको हितं मरायला लागलीया आन् तू...” त्यानं तिचा दंड धरला. “चावी दे. चाचा चालवतील. तुझं काम न्हाई हे.”

वैजंताच्या हातात पाना होता. तिच्या अंगातून तिडीक उठली. थोरल्या जावेचं नाव घेऊन या माणसाच्या तोंडावर फेकावं असं तिला वाटलं. शब्द जिभेपर्यंत आले. मंडईत असल्या वेळी ती काय काय बोलली होती, ते सगळं आठवलं...

तिनं तोंड मिटलं. नाकानं श्वास घेतला. पुन्हा घेतला.

“मधल्या वळणावर मघाशी ब्रेक गेला होता,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, इतका खाली होता. “गाडी रिकामी होती म्हणून वाचलो. आता तीत हौसा असणार. मला दोन माणसं लागत्यात, बिरू. एक खाली, एक वर. मी खाली जाते. तू वर बस.”

बिरूनं हात सोडला नाही.

बाजेवरून हौसाचा आवाज आला. दातांतून, तुटक. “ऐक तिचं... मला घाट न्हाई... दवाखाना गाठायचाय.”

बिरूचा हात गळून पडला. तो ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसला.

वैजंतानं दर्ग्यालगतच्या खोलीतल्या फळीवरून नव्या तेलाचा सीलबंद डबा आणला. ब्रेकच्या टाकीतलं जुनं तेल पिचकारीनं ओढून बाटलीत घेतलं. सील फोडून नवं ओतलं. मग पारदर्शक नळी आणि पाना घेऊन ती मागच्या डाव्या चाकाखाली सरपटली. टाकीपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी, हे तिला ठाऊक होतं. चाचांना बघून शिकली होती. बघण्यात आणि स्वतः करण्यात किती अंतर असतं, हे मात्र तिला आज चाकाखाली गेल्यावर कळत होतं.

“दाब.”

“दाबलं.”

“धर. मी सोड म्हणीस्तवर सोडायचं न्हाई.”

तिनं चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायची बारकी तोटी, सैल केलं. नळीतून तेल आलं. उकळून उकळून काळा पडलेल्या चहासारखं, गढूळ. वरून ‘काठोकाठ’ दिसणारं हेच ते. तिनं निपल आवळलं.

“सोड.”

पुन्हा. पुन्हा. मधेच हौसा ओरडली आणि बिरूचा पाय उचलला गेला. नळीतून हवा आत गेली. वैजंतानं बुडबुडे उलटे जाताना बघितले. सगळं पुन्हा करायला हवं होतं.

“चुकलं,” बिरू म्हणाला. रडवेला झाला होता. “चुकलं माझं.”

“असू दे. पुन्हा. दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलंय. मी धरलंय, वैजंताक्का.”

याआधी तो तिला कधी अक्का म्हणाला नव्हता.

टाकीतलं तेल तळाला जाऊ नये म्हणून ती मधेच उठून वर नवं ओतत होती, परत खाली जात होती. कोपरं सोलली. केसांत माती गेली. नळीतला चहा फिका होत गेला, आणि मग एकदम, ओढ्याचा गाळ बसावा तसं, स्वच्छ सोनेरी तेल आलं. एकही बुडबुडा नाही. पुढच्या चाकाकडे. तिथून दुसऱ्या. बाहेर बायका कुजबुजत होत्या, कुणी देवाला नवस बोलत होतं, आणि चाकाखालचा तिचा आवाज एका सुरात चालला होता. दाब... धर... सोड.

शेवटचं निपल आवळून ती बाहेर आली. टाकी खुणेपर्यंत भरली, झाकण लावलं. स्वतः पॅडलवर पाय ठेवून सगळा भार टाकला आणि तसाच धरून ठेवला. पॅडल तसूभर हललं नाही. तिनं चारी चाकांखाली वाकून बघितलं, कुठं ओल नाही.

“आणा तिला.”

हौसाला मागं निजवलं. ताईबाई उशाशी बसली, बिरू पायाशी. पुढची एक जागा रिकामी होती.

“चाचा, बसा की.”

चाचा कट्ट्यावरून उठले. जीपपाशी आले. रिकाम्या जागेकडे बघितलं. मग बाहेरून दार लावून घेतलं.

“जागा न्हाई,” ते म्हणाले.

वैजंतानं त्यांच्याकडे बघितलं. मग चावी फिरवली.

* * *

घाटात ती दुसऱ्या गियरच्या वर गेली नाही.

इंजिन गुरगुरत होतं आणि गाडीला मागं ओढून धरत होतं. ब्रेकवर पाय पडायचा तो वळणाआधी, थोडाच, आणि लगेच उचलायचा. शेजारी हँडब्रेकवर कुणाचा हात नव्हता. त्या रिकाम्या जागेकडे ती एकदाच बघू शकली.

“जोरात घे की, अक्का!” बिरू मागून म्हणाला.

“न्हाई.”

“तिला सोसंना झालंय!”

“ठाव हाय. न्हाई.”

हौसा किंचाळली, पण वैजंतानं गाडी वेगात घेतली नाही. मधलं वळण आलं. मुरमात मडगार्डचा ताजा ओरखडा होता. तिनं पाय दाबला. पायाखाली दगड होता. पुढच्या वळणावरही. त्याच्याही पुढच्या.

घाट संपून सपाट रस्ता लागला तेव्हा तिनं वरचा गियर टाकला आणि मंडईतला टेम्पो जसा पळवायची तशी जीप पळवली.

दवाखान्यात नर्सबाईंनी स्ट्रेचर ओढून घेतलं. दार बंद झालं. बिरू भिंतीला टेकून खाली बसला. वैजंता बाहेर जीपच्या पायरीवर बसली. दिवस कलला, झाडांच्या सावल्या कुंपणापर्यंत गेल्या, आणि मग आतून एक बारीक, चिडका आवाज आला. कुणाच्याही परवानगीला न थांबलेला.

मुलगी झाली होती. हौसा शुद्धीत होती. पाणी मागत होती.

वैजंतानं पदराचा बोळा तोंडात धरला आणि मग ती रडली. आत्ताच्या हौसासाठी, आणि मागच्या एका झोळीसाठीही.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दर्ग्यात आली तेव्हा चाचा ऊद घालत होते. तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावायला घेतला. चाचांनी पाय मागं घेतले.

“बाळंतीण बरी हाय?”

“बरी हाय. पोरगी लई रागीट हाय.”

“बरं झालं.”

वैजंता जमिनीवर बसली. तिच्या कोपरांवर खपल्या धरल्या होत्या. चेहरा मात्र धुतल्यासारखा नितळ होता.

“चाचा, मी लई आखडूपणा केला तुमच्यासंगं. काल घाटानं माझा समदा माज उतरवला. मला कळलं. तेलाचं बी कळलं, माझं बी कळलं. आता जन्मभर पुरंल येवढं कळलं.”

चाचा निखाऱ्यावर ऊद टाकत राहिले.

“आन् अर्धा डबा तेल उरलंय,” ती उत्साहानं म्हणाली. “झाकण गच्च लावून फळीवर ठेवलंय. नवंकोरं हाय. पुढच्या टायमाला तेच घालीन.”

धूर वर चढत होता. चाचांनी त्यातून तिच्याकडे बघितलं. त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

“कवा उघडलंस?”

“काल.”

“मग नवं म्हणू नगंस.”